बागेची जमीन, ट्रेल की पैसे? पार्क कमिशनवर नव्याने गेलेल्या सदस्याला उत्तर

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: कॅलिफोर्नियात ईस्ट बेमधल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडच्या, एका लहान शहराच्या पार्क कमिशनवर, म्हणजे बागांच्या समितीवर, तुमची नुकतीच नेमणूक झाली आहे. पुढच्या सभेत वीस एकरांच्या एका जुन्या अक्रोडबागेवर १२० घरांचा प्रस्ताव येतो आहे. डेव्हलपर म्हणतो, आग्नेय कोपऱ्यात एक एकर सार्वजनिक बाग देतो, ओढ्याकाठी दोन हजार फुटांची ट्रेल, म्हणजे चालण्या-सायकलींची वाट, बांधून देतो, त्या ट्रेलच्या पट्ट्याचं ०.८ एकरांचं क्रेडिट मला द्या, म्हणजे तेवढी जमीन माझ्या बागेच्या देण्यातून वजा करा, मग फी उरत नाही. शहराला हे नको असेल तर जमिनीऐवजी पूर्ण फी भरायचीही त्याची तयारी आहे. शहराच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल, म्हणजे स्टाफ रिपोर्ट, पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे. तुम्ही विचारता: जमीन घ्यावी की पैसे, ट्रेलला इतकं क्रेडिट द्यावं का, आणि मुलांसाठी क्रिकेटचं मैदान मागता येईल का?

गेली बावीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या पार्क विभागांत मी हेच काम करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही. कायद्याचं शेवटचं मत तुमच्या सिटी अॅटर्नीकडूनच घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जमीन, ट्रेल आणि फी या तीन वेगवेगळ्या देणग्या आहेत असं स्टाफ रिपोर्ट वाचताना वाटतं. तसं नाही. डेव्हलपरचं देणं एकच आहे आणि ते फेडायच्या या तीन रीती आहेत. भाकरी एकच, ट्रेलसाठी मोठा तुकडा मोडला की बागेचा लहान होतो. म्हणून ट्रेल चांगली आहे की नाही एवढं बघून भागत नाही. तिच्यापायी आपण काय सोडतो आहोत, ते बघायचं.

ते देणं किती? आपल्याकडे महाराष्ट्रात साधारणपणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. म्हणजे हिशेब जमिनीवर चालतो. कॅलिफोर्नियात तो डोक्यांवर चालतो. १९६५ च्या क्विंबी कायद्यानुसार शहराला दर हजार रहिवाशांमागे तीन एकर मागता येतात. शहरात आधीपासूनच त्याहून जास्त प्रमाणात बागा असतील तर पाच एकरांपर्यंत जाता येतं. तुमच्या शहराचा दर पाच आहे असं तुम्ही लिहिता, आणि स्टाफने घरटी तीन माणसं धरली आहेत. १२० घरं म्हणजे ३६० माणसं, म्हणजे १.८ एकर. एकर डोळ्यांसमोर येत नसेल तर गुंठ्यांत मोजा, मी अजून तसंच करते: एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे हे ७२ गुंठे. यापलीकडे एक गुंठाही या कायद्याखाली मागता येत नाही. पाचचा दर शहराने आत्ताच्या बागांच्या मोजणीवरून सिद्ध केलेला आहे ना, एवढं मात्र स्टाफला विचारून घ्या. तो तीनवर आला तर देणं १.०८ एकरांवर उतरतं आणि सगळी चर्चाच बदलते.

आता डेव्हलपरचा प्रस्ताव याच मापाने मोजू. एक एकर बाग अधिक ०.८ एकर ट्रेल, बेरीज बरोबर १.८. पण तुम्हीच लिहिलं आहे की त्या एका एकरात पावसाच्या पाण्याचं डिटेन्शन बेसिन आहे आणि त्याने सुमारे ४० टक्के जागा व्यापली आहे. म्हणजे मुलांना पळायला उरले २४ गुंठे. बेसिन आवश्यकच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. नवी छपरं आणि रस्ते झाले की पाणी कुठेतरी थोपवावंच लागतं. पण ते पाण्याच्या निचऱ्याचं देणं आहे, बागेचं नाही. बाग नसती तरी ते बांधावंच लागलं असतं. त्याला बागेचं क्रेडिट दिलं तर एकाच खड्ड्याचे दोनदा पैसे मिळतात. तुमच्या शहराच्या अध्यादेशात बेसिन, तीव्र उतार आणि पूरक्षेत्र यांना क्रेडिट मिळतं का, हे शब्दशः वाचा. पुष्कळ शहरांनी ते नाकारलेलं किंवा कापलेलं असतं, आणि स्टाफ रिपोर्टमध्ये तो परिच्छेद कधीकधी उद्धृतच केलेला नसतो.

जमीन घ्यायची की नाही हे मी कधीही नकाशावरून ठरवत नाही. स्टाफला सांगून जागेवर जायची परवानगी काढा आणि चालून या. जमल्यास पाऊस पडून गेल्यावर चार दिवसांनी जा. अक्रोडाच्या जुन्या बागेत एक सोय असते, झाडं स्वतः माहिती देतात. खोडाकडे पाहा, खालच्या भागात एक रेघ दिसेल. तिच्याखालची साल काळपट आणि खडबडीत, वरची फिकट आणि त्यामानाने गुळगुळीत. खाली काळ्या अक्रोडाचं खुंट, वर इंग्लिश अक्रोडाचं कलम. या झाडाला मुळांशी साचलेलं पाणी सोसत नाही, मुळं आणि बुंधा सडतो. म्हणून रांगा सरळ चाललेल्या असताना एखाद्या भागात झाडं मेलेली, तोडलेली किंवा खुरटलेली दिसली की मला आधी पाण्याचा संशय येतो. एका प्रस्तावाच्या वेळी मी अशीच बागेतून चालत गेले होते. बारा-तेरा झाडांनंतर रांग संपली, पुढे नुसतं गवत होतं, आणि त्या गवतात माझा बूट घोट्यापर्यंत रुतला. नकाशावर बरोबर त्याच ठिकाणी हिरव्या रंगात लिहिलं होतं: पार्क. डेव्हलपरने बाग तिथे ठेवली, कारण तिथे घरं उभी करणं महाग पडलं असतं. यात त्याची लबाडी नाही, त्याचा हिशेब आहे. आपला हिशेब आपण करायचा.

ईस्ट बेची माती बऱ्याच ठिकाणी आपल्या काळ्या रानासारखी आहे. पाणी प्यायली की फुगते आणि सप्टेंबरपर्यंत तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर सखल कोपऱ्यात केलेली हिरवळ हिवाळाभर चिखल असते, आणि शाळेच्या मुलांना पावसाच्या दोन सरींमध्ये मिळणारी दुपारची उघडीप वाया जाते.

जागेवर गेलात की दुसरी गोष्ट बघा: बागेकडे घरांची तोंडं आहेत की पाठी? हे मी माझ्या एका चुकीतून शिकले. कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी एका वसाहतीत १५ गुंठ्यांची बाग मान्य करावी अशी शिफारस केली. तिन्ही बाजूंनी घरांची परसं होती, सहा फुटांची लाकडी कुंपणं, आणि रस्त्याला फक्त तीस फुटांचं तोंड. आकडा बरोबर होता, अध्यादेश पाळला गेला होता. बाग झाली आणि पहिला उन्हाळा बरा गेला. मग आया मुलांना एकटं पाठवेनाशा झाल्या, कारण आत काय चाललं आहे ते एकाही खिडकीतून दिसत नव्हतं. संध्याकाळी मोठी मुलं तिथे बसू लागली, शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, शहराने आधी बाक हलवला, नंतर झोपाळा काढला. पाचव्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा झोपाळ्याचा लोखंडी सांगाडा होता, फळ्या नव्हत्या. ती जागा आजही शहराच्या बागांच्या यादीत मोजली जाते. तेव्हापासून मी एक धरून आहे: बागेच्या निदान एका लांब बाजूला रस्ता हवा आणि रस्त्यापलीकडच्या घरांच्या पुढच्या खिडक्या बागेकडे हव्यात. त्यासाठी बाग चार गुंठ्यांनी कमी झाली तरी मी ते पत्करते.

मग पैसे केव्हा घ्यावेत? दहा मिनिटांच्या चालण्यावर आधीच एक बरी बाग असेल, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागत नसेल, आणि त्या बागेला वाढायला जागा किंवा दुरुस्तीची खरी गरज असेल, तर फी घेणं शहाणपणाचं. १२० घरांची मुलंही तिथेच जातील आणि आधीची मुलंही. दोन अपुऱ्या बागांपेक्षा एक भरलेली बाग केव्हाही चांगली. पण अशी बाग नसेल तर फी म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. तुमच्या शहराने एकराचा भाव २० लाख डॉलर धरला आहे, म्हणजे पूर्ण फी ३६ लाख, घरामागे ३० हजार. आकडा मोठा दिसतो. पण फी घरं बांधली जाताना येते, म्हणजे काही वर्षांत विखरून, आणि तोवर त्या भागातली रिकामी जमीन संपत आलेली असते. माझ्या डोळ्यांदेखत एका शहराच्या खात्यात असे पैसे पडून राहिले आणि जेव्हा एक जागा विकायला आली तेव्हा त्या पैशात तिचा निम्मा भागही येईना. कायद्यातही मुदत आहे: फी भरल्यापासून, किंवा निम्म्या भूखंडांना बांधकाम परवाने मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून पाच वर्षांत ते पैसे नेमक्या कामाला लावलेले हवेत. नाहीतर ते तिथल्या मालकांना परत जातात. म्हणून स्टाफ 'फी घेऊ' म्हणत असेल तर लगेच विचारा: कोणत्या बागेसाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या वर्षी? उत्तरात बागेचं नाव आलं नाही तर जमिनीचा आग्रह धरा.

आता ट्रेलबद्दल. इथे माझं मन नेहमी ट्रेलच्या बाजूला झुकतं, म्हणूनच मी सावध राहते. तुम्ही तिथे राहता म्हणजे आयर्न हॉर्स ट्रेलवर नक्की गेला असाल. कॉनकॉर्डकडून वॉलनट क्रीक, डॅनव्हिल, सॅन रमोनमधून खाली प्लेझंटनच्या दिशेने जाणारी ती वाट म्हणजे सदर्न पॅसिफिक रेल्वेचा जुना मार्ग. १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी बंद पडला. त्यानंतर तो पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला असता तर प्रत्येक तुकडा शेजारच्या कुणाच्या तरी परसात गेला असता. तो सलग राखला गेला आणि त्यावर ट्रेल झाली, म्हणून आज त्यावरून मुलं सायकलने शाळेत जातात आणि सकाळी आजी-आजोबा फिरायला निघतात. ट्रेलची किंमत फुटांत नसते, ती दोन टोकांना काय आहे यात असते.

तुमच्या प्रस्तावातली ट्रेल दोन हजार फूट, म्हणजे चालायला सात-आठ मिनिटं. तिची दोन्ही टोकं कुठे संपतात? तुम्ही लिहिता की उत्तरेला ती शाळेमागच्या रस्त्याला मिळते, पण दक्षिणेला शेजारच्या मालमत्तेच्या कुंपणाशी थांबते. शहराच्या मंजूर ट्रेल आराखड्यात त्या कुंपणापलीकडेही ओढ्याकाठी रेघ काढलेली असेल, तर आजची बंद वाट उद्या उघडेल. मग पट्टा आत्ताच घेतलाच पाहिजे. पण आराखड्यात तशी रेघ नसेल तर ही १२० घरांची प्रभातफेरीची वाट आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती वसाहतीच्या सोयीची. तिच्यासाठी सार्वजनिक बागेचे ३२ गुंठे सोडू नका.

मापंही तपासा. ०.८ एकर भागिले दोन हजार फूट म्हणजे पट्टा सरासरी साडेसतरा फूट रुंद. दोन्ही दिशांनी सायकली जाणारी स्वतंत्र वाट करायची तर कॅलिफोर्नियाच्या मानकात फरसबंदी निदान आठ फूट लागते, दहा असलेली बरी, आणि दोन्ही कडांना दोन-दोन फूट मोकळे. म्हणजे चौदा फूट गेले. उरलेल्या साडेतीन फुटांत कुंपण, झाडं, पाण्याची चर, सगळं बसवायचं. कागदावर बसतं, जागेवर ओढा वळला की बसत नाही. आणि हा पट्टा ओढ्याच्या काठापासून सोडाव्या लागणाऱ्या अंतरात पडत असेल, तर तिथे डेव्हलपरला घर बांधताच आलं नसतं. जी जमीन त्याला तशीही मोकळी सोडायची आहे, तिचं पूर्ण भावाने क्रेडिट मागणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. माझं मत असं: त्या पट्ट्याच्या जमिनीला क्रेडिट नाही, किंवा फारच थोडं. पण वाट बांधायचा खर्च खरा आहे. शहराला दिलेल्या जमिनीवर डेव्हलपरने बागेची किंवा ट्रेलची कामं केली तर त्यांचं मूल्य देण्यातून वजा करावं असं क्विंबी कायदाच म्हणतो. ते न्याय्य आहे, तिथे हात आखडता घेऊ नका.

ट्रेलबद्दल आणखी एक व्यावहारिक धोका. ओढ्याच्या काठाला हात लावायचा तर राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाशी वेगळा करार लागू शकतो, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात झाडतोडीवर बंधनं येतात. म्हणून ट्रेल नेहमी कामाच्या शेवटी ढकलली जाते. घरं विकली जातात, विक्री कार्यालय बंद होतं, आणि ट्रेलच्या जागी नारिंगी जाळीचं कुंपण उभं असतं. अटीत साफ लिहून घ्या: साठाव्या घराला राहण्याचा दाखला मिळण्याआधी बाग आणि ट्रेल पूर्ण होऊन शहराने स्वीकारलेली हवी. 'प्रकल्प पूर्ण होताना' असे शब्द चालवून घेऊ नका.

आता, जास्त का मागता येत नाही? यामागे एक हार्डवेअरचं दुकान आहे. ऑरेगनमधल्या टिगार्ड गावी फ्लॉरेन्स डोलन यांचं नळकाम आणि विजेच्या सामानाचं दुकान होतं, शेजारून फॅनो क्रीक वाहत होता. त्यांना दुकान जवळपास दुप्पट करून पार्किंग फरसबंद करायचं होतं. शहराने परवानगीच्या बदल्यात पूरक्षेत्रातली जमीन मागितली आणि तिला लागून पंधरा फुटांचा पट्टा चालण्या-सायकलींच्या वाटेसाठी मागितला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी डोलन यांच्या बाजूने कौल दिला. शहराने म्हटलं होतं की वाटेमुळे वाहतूक कमी 'होऊ शकते'. होऊ शकते आणि होईल यांतला फरक शहराने दाखवलेला नाही, असं न्यायालय म्हणालं. मागणीचा प्रकल्पाच्या परिणामाशी संबंध हवा, हे १९८७ च्या नोलन खटल्यातच ठरलं होतं. ती परिणामाच्या साधारण प्रमाणातही हवी, हे डोलनने घातलं. २०१३ च्या कुंट्झ खटल्याने हेच पैशाच्या मागणीलाही लागू केलं आणि २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीच्या शीट्झ खटल्यात न्यायालयाने सांगितलं की फी लोकप्रतिनिधींनी सर्वांसाठी ठरवलेली आहे एवढ्यावर ती या कसोटीतून सुटत नाही.

घाबरायचं कारण नाही. बागेच्या देण्याला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच मान्यता दिली, आणि तो खटला तुमच्या शेजारच्या वॉलनट क्रीकचाच होता. ३६० माणसं येणार, त्यांना बाग लागणार, हा संबंध सरळ आहे. मात्र सभेत कुणी म्हणेल, 'ओढ्यावर पूलही बांधून घ्या'. त्यावर विचारा, त्या पुलावरून किती जण या १२० घरांतले जातील आणि किती बाकीच्या गावातले? बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे शहराने घालायचे.

देखभालीचा मुद्दा मी नेहमी स्वतःहून काढते, कारण दुसरं कुणी काढत नाही. क्विंबीची फी नव्या बागेला, किंवा आहे ती बाग सुधारायला वापरता येते. गवत कापायला, नळ दुरुस्त करायला, कचरा उचलायला ती वापरता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं सगळं टवटवीत असतं, नव्याचे नऊ दिवस. नंतर पार्क विभागाच्या त्याच चार माणसांवर आणखी एक जागा येऊन पडते. उपाय म्हणजे वसाहतीपुरता देखभालीचा कर: १९७२ च्या कायद्याखालचा लँडस्केपिंग अँड लायटिंग डिस्ट्रिक्ट किंवा १९८२ च्या कायद्यातला मेलो-रूस डिस्ट्रिक्ट. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नंतर असा आकार मालकांच्या मताशिवाय लावता येत नाही. आज सगळ्या वीस एकरांचा मालक एकच आहे, म्हणजे मतही एकच. घरं विकल्यावर १२० कुटुंबांना 'कर वाढवू का' असं विचारावं लागेल, आणि उत्तर तुम्हाला माहीत आहे. हे काम भूखंडांचा अंतिम नकाशा मंजूर होण्याआधी व्हायला हवं. बाग एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, ताब्यात ठेवायचा पर्याय कुणी सुचवला तर सार्वजनिक वापराचा हक्क दस्तात नोंदवून घ्या. नाहीतर दहा वर्षांनी फाटकावर 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी लागते आणि शेजारच्या अपार्टमेंटमधली मुलं बाहेर उभी राहतात.

तुमच्या जागी मी असते आणि जवळ दुसरी बाग नसती, तर मी हे सुचवलं असतं. बाग आग्नेय कोपऱ्यातून हलवून वसाहतीच्या मध्याकडे, रस्त्याला लागून, बेसिनशिवाय सलग १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे. बेसिन जिथे आहे तिथेच राहू दे, क्रेडिटशिवाय. उरलेल्या ०.६ एकराचे १२ लाख डॉलर होतात; त्यातून ट्रेल बांधायचा प्रत्यक्ष खर्च वजा करायचा आणि राहील ती फी घ्यायची. ट्रेलचा पट्टा कायमच्या सार्वजनिक हक्काने शहराकडे. बाग मध्ये आणताना डेव्हलपरला घरांची जागा हलवावी लागेल, तो कुरकुरेल. त्याला घरं थोड्या लहान भूखंडांवर बसवू द्या. घरांची संख्या कमी करायला सांगू नका. एक तर राज्याचा कायदा आता ते सहजी करू देत नाही, आणि दुसरं मला मनापासून वाटतं म्हणून लिहिते: या भागात घरांची टंचाई खरी आहे. बाग ही घरं अडवायची सबब होऊ नये. त्या १२० घरांतल्या मुलांसाठीच आपण हे भांडतो आहोत.

शेजारी चांगली बाग असेल तर माझं उत्तर उलटं: जमीन नको, ट्रेल घ्या, आणि फी त्या बागेच्या नावाने.

क्रिकेटबद्दल तुम्हाला नाराज करावं लागतं आहे. सीमारेषा ६५ मीटरवर धरली तर नुसतं वर्तुळच सव्वातीन एकरांच्या वर जातं, प्रेक्षक आणि पार्किंग वेगळं. सगळं देणं १.८ एकर. ते इथे बसत नाही, आणि गावभराच्या खेळाडूंसाठी एका वसाहतीकडून मागताही येत नाही. पण वरून बंद असलेली दोन लेनची सरावाची जाळी शंभर फूट बाय पंचवीस फुटांत बसते, ४८ गुंठ्यांत ती सहज मावते. मैदान हवं असेल तर त्याची जागा शहराच्या पार्क मास्टर प्लॅनमध्ये आहे. पुढच्या वेळी त्याचं पुनरावलोकन निघेल तेव्हा खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना घेऊन जा, संख्या लिहून न्या. अशा आराखड्यात जे आधी लिहिलेलं असतं त्यासाठी फी वापरणं पुढे खूप सोपं जातं.

सभेबद्दल दोन सूचना. २०१९ च्या एसबी ३३० या राज्याच्या कायद्यानुसार नियमांत बसणाऱ्या गृहप्रकल्पावर शहराला पाचच सभा घेता येतात आणि कमिशनची सभाही त्यात धरली जाऊ शकते. म्हणून 'पुढच्या वेळी बघू' म्हणून विषय लांबवू नका. प्रश्न आत्ताच लेखी पाठवा, म्हणजे स्टाफ उत्तरं घेऊन येईल. आणि जागेवर जाताना किंवा ईमेल करताना ब्राउन कायदा, म्हणजे सार्वजनिक समित्यांच्या सभा खुल्याच हव्यात असं सांगणारा राज्याचा कायदा, लक्षात ठेवा. तुमचं कमिशन पाच जणांचं असेल तर तिघांनी सभेबाहेर या विषयावर बोलणं, एकमेकांमार्फत बोलणंसुद्धा, बेकायदा बैठक ठरते. एकट्याने जा, फार तर एका सहकाऱ्याबरोबर, आणि जाऊन आल्याचं सभेत सांगा.

जाताना दुपारी शाळा सुटायची वेळ निवडा. उत्तरेच्या टोकाला, शाळेमागच्या रस्त्यावर उभं राहून बघा की मुलं कोणत्या बाजूने घरी जातात आणि कुठे रस्ता ओलांडतात. मग प्रस्तावाच्या संचातली ग्रेडिंगची, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराची, शीट मला पाठवा, लँडस्केपची नको. कंटूरच्या रेघा आणि बेसिनच्या तळाची उंची तिच्यावर असते. मध्यावर ४८ गुंठे सपाट निघतात का, ते मी मोजून सांगते.